वायलमध्ये टीएनएफ होतं, पण पाण्यात काय होतं?

ठाण्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीचा प्रश्न आधी थोडक्यात देते, कारण त्यातल्या एकेका तपशिलाला पुढे महत्त्व आहे. तिने प्रोजेक्टसाठी मानवी टीएनएफ-अल्फाची (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या प्रथिनाची) १० मायक्रोग्रॅमची वायल, म्हणजे छोटी बाटली, मागवली. ऑटोक्लेव्ह केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात ती विरघळवली, मग लॅबच्याच पीबीएसमध्ये (पेशींना सोसेल अशा खारट बफरमध्ये) मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम असा वर्किंग स्टॉक केला. हेला या मानवी कॅन्सरच्या पेशींना मिलिलिटरला १०, ५० आणि १०० नॅनोग्रॅम असे डोस दिले, २४ तासांनी एमटीटी, म्हणजे जिवंत पेशींचा अंदाज देणारी रंगाची चाचणी केली. पेशी मेल्याच नाहीत, १०० ला तर आकडा जरासा वरच गेला. मग तेच टीएनएफ उंदराच्या रॉ २६४.७ मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींवर टाकलं आणि त्या चिडल्या की जे नायट्राइट सोडतात ते ग्रीस रिएजंटने मोजलं, तर डोसप्रमाणे चढत जाणारा झकास आलेख आला. कंट्रोल म्हणून नुसत्या मीडियातल्या पेशी. "मॅडम, नावातच ट्यूमर नेक्रोसिस आहे, मग कॅन्सरच्या पेशी का मरत नाहीत? वायल खराब म्हणावी तर मॅक्रोफेजवर कशी चालते? गाईड सर म्हणतात डोस ५०० कर. करू का?"

नको करूस. ५०० ला पैसे जातील, बाकी काही होणार नाही. माझ्या मते तुझी वायल ठणठणीत आहे. हेलाचा "काहीच नाही" हा निकाल खरा आहे, आणि ज्या आलेखाच्या भरवशावर तू वायल चांगली म्हणते आहेस, तो आलेखच मला खटकतो. गेली बावीस वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लॅबमध्ये पेशी वाढवते आहे, आणि टीएनएफच्या नावाखाली मी जेवढी फसले तेवढी दुसऱ्या कुठल्या प्रथिनाच्या नावाखाली फसले नाही. टीएनएफचा त्यात दोष क्वचितच असायचा.

आधी नावाचं उरकू. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या सर्जनने गाठ असलेल्या रुग्णाला मुद्दाम स्ट्रेप्टोकोकस टोचले. संसर्गाचा जोरदार ताप येऊन गेला की काही जणांच्या गाठी विरतात, असं त्याच्या पाहण्यात आलं होतं. पुढे १९७५ मध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने बीसीजी दिलेल्या उंदरांना एन्डोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) टोचलं, त्यांचं सीरम काढलं आणि ते गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिलं. गाठी आतून काळ्या पडून सडल्या. सीरममधल्या त्या घटकाला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे नाव मिळालं ते तेव्हा. पण त्या गाठी सडल्या त्या बऱ्याच अंशी त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फुटल्यामुळे, बंद पडल्यामुळे. तुझ्या प्लेटमध्ये रक्तवाहिनी कुठे आहे? हेला पेशीला तू जे विचारलंस ते नावाने सुचवलेलं होतं, आणि नाव उंदराच्या गाठीवरून पडलेलं आहे.

१९८४ मध्ये त्याचा जीन क्लोन झाला, ई. कोलायमध्ये प्रथिन बनू लागलं आणि आता कॅन्सरवर इलाज सापडला अशी हवा झाली. रुग्णांना शिरेतून दिलं तर रक्तदाब कोसळायचा. गाठीला पुरेल एवढा डोस माणसाला सोसत नव्हता. आजही टीएनएफ औषध म्हणून वापरतात ते एका कोपऱ्यात: हातापायातल्या सार्कोमासाठी, तो अवयव उरलेल्या शरीराच्या रक्ताभिसरणापासून वेगळा करून, मेल्फॅलान या कॅन्सरच्या औषधाच्या जोडीला. टॅसोनर्मिन नावाने त्याला १९९९ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. तिथेही मुख्य काम गाठीच्या रक्तवाहिन्यांवरच होतं. (कॅटलॉगमधलं "अल्फा" हे शेपूटही आता जुनं झालं. बीटाला लिम्फोटॉक्सिन हे त्याचं स्वतःचं नाव परत मिळालं, त्यामुळे नुसतं टीएनएफ म्हटलं तरी चालतं. मी पुढे तसंच म्हणणार आहे.)

आता हेला. टीएनएफ हा पेशीला दिलेला निरोप आहे, "इथे गडबड आहे" असा. पेशी २३३ अमिनो आम्लांचं प्रथिन बनवून आपल्या पडद्यात रोवते, मग टेस नावाचं एन्झाइम त्याचा बाहेरचा १५७ अमिनो आम्लांचा तुकडा कापून सोडतं. हा तुकडा १७ किलोडाल्टनचा, पण तो एकटा कामाचा नाही. तिघं एकत्र येऊन जी तिकडी बनते ती रिसेप्टरला जाऊन बसते. जेलवर तुला १७ ला बँड दिसेल, पेशीला मात्र ५२ च्या आसपासची तिकडी दिसते.

तिकडी टीएनएफआर-१ या रिसेप्टरवर बसली की आत दोन वाटा फुटतात. पहिली वाट एनएफ-कप्पा-बीची, म्हणजे जीन चालू करणाऱ्या एका प्रथिनाची. ती लगेच उघडते आणि पेशीला जगवणाऱ्या प्रथिनांचा पुरवठा सुरू करते: सीफ्लिप, सीआयएपी, ए-२०. दुसरी वाट कॅस्पेज-८ या एन्झाइमची, म्हणजे मरणाची. पण पहिल्या वाटेवरून आलेली मंडळी, विशेषतः सीफ्लिप, दुसरीचं दार आतून लावून टाकते. म्हणून धडधाकट पेशीला तू टीएनएफ दिलंस की ती खडबडून जागी होते, मरत नाही. डोस दहापट केलास तर पहिली वाटही तितक्याच जोरात चालते, शिवाय रिसेप्टर आधीच भरलेले असतात. हेलामध्ये नेक्रोप्टोसिसची, म्हणजे कॅस्पेजशिवाय मरण्याची पळवाटही नाही, कारण त्यासाठी लागणारा आरआयपीके-३ त्यांच्यात जवळजवळ नसतोच.

मारायच्याच असतील तर नवीन प्रथिन बनणं थांबव. त्यासाठी सायक्लोहेक्सिमाइड हे रसायन मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, अर्धा तास आधी, आणि मग टीएनएफ १० नॅनोग्रॅम. साधारण चार ते आठ तासांत हेला पेशींच्या कडेला बुडबुडे येऊ लागतील, पेशी गोल होऊन सुटतील. सोबत नुसत्या सायक्लोहेक्सिमाइडची वेल हवीच, कारण २४ तास ठेवलंस तर ते एकटंही मारतं आणि श्रेय टीएनएफला जातं. आणि एमटीटीवर फार विसंबू नकोस. ती पेशींची चयापचयाची धग मोजते, डोकी मोजत नाही. १०० नॅनोग्रॅमला तुझा आकडा किंचित वर गेला, त्यावरून पेशी वाढल्या असं लिहू नकोस. मायक्रोस्कोपखाली बघ, फोटो काढ, जमलं तर ट्रिपॅन ब्लूने (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) मोज.

पण मारण्यापेक्षा ऐकलं का ते बघणं सोपं आणि स्वस्त आहे. वायल जिवंत आहे का, हे ठरवायला मी आजही एकच प्रयोग करते. हेलाला १० नॅनोग्रॅम टीएनएफ देते आणि ०, १५, ३० आणि ६० मिनिटांना पेशी फोडून आयकप्पाबी-अल्फा या प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट लावते, म्हणजे ते प्रथिन किती आहे ते पट्ट्याच्या रूपात बघते. मी शिकाऊ होते तेव्हा हा ब्लॉट पहिल्यांदा केला. बाहेर जुलैचा पाऊस, आत डार्करूममध्ये लाल दिवा, आणि फिल्म डेव्हलपरमधून काढून हलवत असताना बँड उमटू लागले. शून्यावर ३७ किलोडाल्टनच्या जवळ जाड काळा पट्टा. १५ मिनिटांच्या लेनमध्ये काही नाही, पांढरं. मला वाटलं, लोडिंग चुकलं. ३० ला पुसटशी सावली आणि ६० ला पट्टा परत, पहिल्यासारखा. खालचा ॲक्टिन, म्हणजे लोडिंग बरोबर आहे हे सांगणारा पट्टा, चारही लेनमध्ये सारखा. आमच्या सिनियर बाई मागून बघत होत्या, म्हणाल्या, "गेला आणि परत आला ना? मग ठीक आहे, झोप आता." आयकप्पाबी हा एनएफ-कप्पा-बीला धरून ठेवणारा. टीएनएफ येताच तो तोडला जातो, एनएफ-कप्पा-बी सुटून केंद्रकात जातो आणि तिथे जी कामं काढतो त्यातलं एक म्हणजे नवीन आयकप्पाबी बनवणं. जो सुटला तोच स्वतःला परत बांधायची दोरी वळतो. त्याच वेळी सायक्लोहेक्सिमाइड टाकलं असतं तर पट्टा परत आलाच नसता. एका ब्लॉटमध्ये एवढं सगळं दिसतं, म्हणून मला तो अजून आवडतो. वेस्टर्नची सोय नसेल तर पी-६५ चं, म्हणजे एनएफ-कप्पा-बीच्याच एका भागाचं इम्युनोफ्लुओरेसन्स कर (चमकणाऱ्या अँटिबॉडीने रंगव). २०-३० मिनिटांत हिरवा रंग पेशीभरातून केंद्रकात गोळा झालेला डोळ्यांनी दिसतो.

आता मूळ दुखण्याकडे, मॅक्रोफेजच्या त्या झकास आलेखाकडे.

एकट्या टीएनएफने रॉ पेशी फारसं नायट्राइट बनवत नाहीत. सोबत इंटरफेरॉन-गॅमा हे दुसरं निरोप देणारं प्रथिन असेल तर गोष्ट वेगळी. रॉ पेशींना एकट्याने, झपाट्याने, भरपूर नायट्राइट बनवायला लावणारी जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे ती म्हणजे एलपीएस, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन. तुझा आलेख बघताना माझ्या डोक्यात पहिला शब्द हाच आला. हेला पेशी एलपीएसला मॅक्रोफेजच्या मानाने बहिऱ्या आहेत, त्यामुळे तिथे काही दिसलं नाही. तुझे दोन्ही निकाल एकत्र ठेवले की गोष्ट जुळते.

मग दोष वायलचा का? हिशेब करून बघू. टीएनएफ ई. कोलायमध्ये बनतं, म्हणजे एन्डोटॉक्सिनच्या माहेरातच. म्हणून विकताना मर्यादा छापतात; समज, एका मायक्रोग्रॅमला १ एन्डोटॉक्सिन युनिटपेक्षा कमी. तुझा सगळ्यात मोठा डोस १०० नॅनोग्रॅम, म्हणजे ०.१ युनिटपेक्षा कमी. १ युनिट म्हणजे ढोबळमानाने ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस, तेव्हा वायलमधून वेलमध्ये आले जास्तीत जास्त १० पिकोग्रॅम. एवढ्यावर असा आलेख येत नाही.

आता पीबीएसचा हिशेब. वर्किंग स्टॉक मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, वेलमध्ये साधारण १ मिलिलिटर मीडिया. १० नॅनोग्रॅमसाठी तू १० मायक्रोलिटर टाकलेस, ५० साठी ५० आणि १०० साठी १००. लॅबच्या कॅनमधल्या पाण्याने बनवलेल्या पीबीएसमध्ये मिलिलिटरला ५० युनिट आहेत असं धर, आणि न साफ केलेल्या कॅनला ही गोष्ट अवघड नाही. इंजेक्शनच्या पाण्याची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ युनिट असते, यावरून अंदाज घे. मग १०० मायक्रोलिटरमधून ५ युनिट गेले, म्हणजे अर्धा नॅनोग्रॅम एलपीएस. वायलमधून आलेल्यापेक्षा पन्नासपट. रॉ पेशींना तेवढं ऐकू जातं. आणि गंमत बघ: १० मायक्रोलिटरमधून अर्धा युनिट, ५० मधून अडीच, १०० मधून पाच. तू टीएनएफचा डोस वाढवत गेलीस तसं पीबीएसही वाढत गेलं. म्हणून तर आलेख इतका सुरेख आला. डोसप्रमाणे परिणाम चढतो म्हणजे तो खराच असणार, असं आपल्याला शिकवलेलं असतं. इथे चढत होतं ते पाणी.

नुसत्या मीडियातल्या पेशी हा याला कंट्रोल नव्हे. कंट्रोलच्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटर तेच पीबीएस हवं होतं, आणि बाकीच्या प्रत्येक वेलमध्येही पीबीएस भरून एकूण १०० मायक्रोलिटरच जायला हवं होतं.

"पण मॅडम, पाणी ऑटोक्लेव्ह केलं होतं." हे तू म्हणणारच. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरतात, त्यांच्या आवरणाचं एलपीएस शाबूत राहतं. उलट जिवाणू मरून फुटले की ते जास्त सुटतं. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते सहज पार होतं. काचेच्या भांड्यावरचं घालवायचं तर कोरडी उष्णता लागते, २५० अंश, अर्धा तास. पाण्याला ते करता येत नाही, म्हणून पाणी विकतच घ्यावं, एन्डोटॉक्सिन तपासलेलं. पीबीएससुद्धा. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं इंजेक्शनचं पाणी कुठल्याही केमिस्टकडे मिळतं आणि मोठ्या ब्रँडच्या "मॉलिक्युलर ग्रेड" पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. प्रथिन विरघळवायला मला ते कायम पुरलं आहे.

एवढ्या खात्रीने मी बोलते आहे, कारण हे माझ्यावर बेतलेलं आहे. एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये होते तेव्हा आम्ही एका वनस्पतीचा अर्क "दाहकारक" आहे असं तीन महिने मानून चाललो होतो. दर आठवड्याला तोच निकाल, डोसप्रमाणे चढता. शेवटी एका नव्या मुलाने अर्कच न टाकता नुसता बफर टाकून तोच आलेख काढून दाखवला. आम्ही पाण्याचा वीस लिटरचा कॅन उघडला आणि खालच्या नळाच्या आत बोट घातलं. बोटाला बुळबुळीत लागलं, नाल्यातल्या शेवाळासारखं. पावसाळाभर तो कॅन कोणी रिकामा करून धुतला नव्हता, वरून नवीन पाणी ओतलं जात होतं. ओतणारी मीच. त्या दिवशी घरी जाताना ठाणे लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत कोणाशी बोलले नाही.

तर तुझ्या प्लेटमध्ये कोण बोलतंय, टीएनएफ की एलपीएस, हे ओळखायचे मार्ग आहेत आणि ते स्वस्त आहेत. पहिला उकळण्याचा. टीएनएफचा एक भाग ९५ अंशांवर अर्धा तास ठेव. प्रथिन मोडतं, एलपीएसला तेवढ्याने काही होत नाही. उकळल्यावरही नायट्राइट तेवढंच आलं तर ते टीएनएफचं नव्हतं. दुसरा पॉलिमिक्सिन-बी या अँटिबायोटिकचा, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. ते एलपीएसच्या लिपिड-ए भागाला चिकटून त्याला गप्प करतं. मात्र एलपीएस जास्त असेल तर ते पुरं पडत नाही, त्यामुळे त्याचा "थोडा कमी झाला" हा निकाल मी पुरावा धरत नाही. तिसरा, टीएनएफला निष्क्रिय करणारी अँटिबॉडी. तिने फक्त टीएनएफचा वाटा जातो, उरेल तो दुसऱ्याचा. आणि चौथा थेट, एलएएल चाचणी. ही नालखेकड्याच्या रक्तातल्या पेशींपासून बनवतात. एन्डोटॉक्सिन लागलं की ते गोठतं. जेल-क्लॉटच्या साध्या किटमध्ये नळी उलटी करायची, गोळा खाली घसरला नाही तर एन्डोटॉक्सिन आहे. आपल्या पट्ट्यातल्या इंजेक्शन बनवणाऱ्या कारखान्यांच्या क्यूसी विभागात ही चाचणी रोज होते. ओळखीचं कोणी तिथे असेल तर पीबीएसची एक नळी दे. पुष्कळदा हसत करून देतात.

इतिहासात या दोघांची गाठ आधीपासूनच आहे. १९७५ चं सीरम एन्डोटॉक्सिन टोचूनच मिळवलं होतं, आणि सुरुवातीला शंका घेणारे विचारायचेच, की गाठ सडवतं ते नवं प्रथिन की उरलंसुरलं एन्डोटॉक्सिन? १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी वेगळ्याच गोष्टीमागे होते, संसर्गात जनावरं झिजतात ती कशाने. त्यांनी शोधलेलं कॅचेक्टिन हे टीएनएफच निघालं. त्याच बॉयटलरने १९९८ मध्ये उंदरांवरून दाखवलं की एलपीएसची चाहूल पेशीला लागते ती टीएलआर-४ या रिसेप्टरमुळे. त्याबद्दल २०११ च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. टीएलआर-४ आणि टीएनएफआर-१, दोन्ही शेवटी एनएफ-कप्पा-बीलाच जाऊन मिळतात. म्हणून तर या दोघांची सरमिसळ इतकी सहज होते आणि इतकी उशिरा कळते.

आता १० नॅनोग्रॅमबद्दल, कारण तू विचारलं नाहीस तरी व्हायव्हात विचारतील. सगळे १० का वापरतात? खरं सांगायचं तर सगळे वापरतात म्हणून. निरोगी माणसाच्या रक्तात टीएनएफ मिलिलिटरला काही पिकोग्रॅम असतं; १० नॅनोग्रॅम म्हणजे त्याच्या हजारो पट. गंभीर सेप्सिसमध्येही रक्तातला आकडा सहसा एवढा चढत नाही. मात्र पेशींच्या अगदी लगत, जिथे मॅक्रोफेज टीएनएफ सोडतोय तिथे, किती असेल हे रक्तावरून कळत नाही, त्यामुळे १० ला अगदीच काल्पनिक म्हणता येत नाही. तिकडीच्या हिशेबाने ते सुमारे ०.२ नॅनोमोलर होतं, रिसेप्टर भरायला पुरेसं. त्यावर जाण्यात मला अर्थ दिसत नाही. उलट ०.१ आणि १ या वेल मी तुझ्या प्लेटमध्ये आधी घालीन. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या ह्यूव्हेक पेशींवर १ नॅनोग्रॅमलाही ई-सिलेक्टिन हे पांढऱ्या पेशींना पकडणारं प्रथिन चार-सहा तासांत वर येतं, तसंच दुसरं, आयकॅम-१, दुसऱ्या दिवसापर्यंत चढत राहतं. हे काम मी वर्षानुवर्षं केलं आहे, आणि तिथे डोसपेक्षा वेळ चुकल्यानेच निकाल जास्त बिघडतात.

प्रजातीचीही एक खोच आहे. मानवी टीएनएफ उंदराच्या टीएनएफआर-१ ला चालतं, टीएनएफआर-२ या दुसऱ्या रिसेप्टरला जवळजवळ नाही. उंदराचं टीएनएफ मानवी पेशीच्या दोन्हींना चालतं. तू रॉ पेशींवर मानवी टीएनएफ टाकून अर्धाच संवाद ऐकते आहेस. मॅक्रोफेजचं काम खरंच करायचं असेल तर उंदराचंच टीएनएफ घे, नाहीतर मानवी टीएचपी-१ पेशी पीएमए या रसायनाने मॅक्रोफेजसारख्या करून वापर. तसंच इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे औषध म्हणून वापरतात ती टीएनएफविरोधी अँटिबॉडी, उंदराच्या टीएनएफला पकडत नाही, हेही ध्यानात ठेव. निष्क्रिय करणारी अँटिबॉडी निवडताना एकदा याच्यात आमची एक पूर्ण प्लेट वाया गेली आहे.

इन्फ्लिक्सिमॅबचा विषय निघाला म्हणून. आमच्या सोसायटीत एका काकूंना रुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी टीएनएफविरोधी इंजेक्शन सुरू करायचं होतं. डॉक्टरांनी आधी छातीचा एक्सरे आणि टीबीची तपासणी सांगितली, तर काकू माझ्याकडे तणतणत आल्या, "मला सांधे दुखतात, टीबी कुठून आला?" क्षयाचे जंतू फुप्फुसात गाठीत कोंडून ठेवायला टीएनएफ लागतं. ते बंद केलं की वर्षानुवर्षं झोपलेला क्षय उठू शकतो, आणि आपल्याकडे असा झोपलेला क्षय किती जणांत असतो हे तुला ठाऊक आहे. लंडनला मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना हे औषध दिलं आणि सांध्यांचं चित्रच पालटलं, तेव्हापासून डॉक्टरांना ही दुसरी बाजू सांभाळावी लागते. काकूंनाही मी तेच सांगितलं, टीएनएफ हा निरोप आहे, आणि निरोप वाईट नसतो.

वायल हाताळण्याबद्दल थोडं, कारण १० मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसत नाही आणि रिकामी वायल समजून फेकून दिलेली मी पाहिली आहे. उघडण्याआधी स्पिन दे, पावडर झाकणाला चिकटलेली असू शकते. १०० मायक्रोलिटर पाणी कडेने सोड, पाच-दहा मिनिटं थांब, हळू फिरव, व्हॉर्टेक्स नको. सोबत ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) किंवा सीरम नसेल तर विरळ टीएनएफ प्लॅस्टिकला चिकटतं, शिवाय फार विरळ केलं की तिकडी सुटते आणि काम थांबतं. म्हणून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेला "१ मायक्रोग्रॅमचा वर्किंग स्टॉक" ही गोष्टच नसावी. ५-५ मायक्रोलिटरचे छोटे वाटे, म्हणजे अ‍ॅलिकॉट उणे ८० ला, एक काढला की वापरून उरलेला टाकून द्यायचा. जीव जातो टाकताना, माहिती आहे. पावडर मात्र दणकट असते. सणांच्या सुट्ट्यांत पार्सल विमानतळाच्या कार्गोत अडकून बर्फ वितळलेल्या अवस्थेत आलं म्हणून घाबरू नकोस. सुकं प्रथिन काही दिवस साध्या तापमानालाही टिकतं. एकदा विरघळलेलं टीएनएफ वीज गेल्यावर वितळून परत गोठलं, तर मात्र मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

वायलच्या कागदावर "ईडी-५०, ०.०५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर" असं काहीतरी असेल, म्हणजे निम्मा परिणाम दाखवणारा डोस. ते एल-९२९ या उंदराच्या फायब्रोब्लास्टवरून काढलेलं असतं, नवीन प्रथिन बनणं थांबवणाऱ्या अ‍ॅक्टिनोमायसिन-डी सोबत. दहा लाखाला त्या आकड्याने भागलं की एका मिलिग्रॅममध्ये २ कोटी युनिट येतात. या चाचणीतही टीएनएफला एकट्याने मारायला सोडलेलं नाही, अ‍ॅक्टिनोमायसिन दिलेलंच आहे, हे गाईड सरांना दाखव. तुमचा वाद तिथेच मिटेल. एल-९२९ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवता येतात, पण तुझ्या प्रोजेक्टला उरलेल्या वेळात मी त्या भानगडीत पडणार नाही.

तुझ्या जागी मी असते तर पुढच्या आठवड्यात रॉ पेशींची एकच २४ वेलची प्लेट लावली असती. नवीन अ‍ॅलिकॉट, विकतचं पीबीएस, ०.१ टक्का एन्डोटॉक्सिन तपासलेलं बीएसए, प्रत्येक वेलमध्ये एकूण ५० मायक्रोलिटरच. तीन-तीन वेल अशा: नुसता मीडिया, विकतचं पीबीएस, तुझं जुनं पीबीएस, टीएनएफ १०, उकळलेलं टीएनएफ १०, जुनं पीबीएस आणि पॉलिमिक्सिन, एलपीएस १ नॅनोग्रॅम, आणि त्याच एलपीएससोबत पॉलिमिक्सिन. पेशींचा पॅसेज नंबर लिही, पाण्याचा लॉट लिही, आणि प्लेट लावण्याआधी मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरमध्ये लपून वाढणारे जिवाणू) तपासून घे, कारण मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशी अर्ध्या चिडलेल्याच असतात. ग्रीसचा नायट्राइट स्टँडर्ड त्याच मीडियात बनव, पाण्यात नको. फिनॉल रेडमुळे ब्लँक सरकतो. झालं की मला पाठव. आलेख नको, कच्चे आकडे.